म्हणून दाखवा

वहिनीशी माझं पहिलं भांडण तिच्या लग्नानंतरच्या आठवड्यातच झालं, आणि तेही साबणावरून. मी बाजारात निघाले होते. ती म्हणाली, "येताना साबण, दूध आणि आईंच्या गुडघ्याचं मलम आण." मी म्हटलं, "बरं." तर ही बया दारात आडवी उभी! "काय काय आणणार, म्हणून दाखव." आता मी काय बालवाडीत होते? मी चपला काढून फेकल्या आणि बाजारात गेलेच नाही. माझा दादा पलंगावर लोळत हसत होता. "फटाके, निमूट म्हणून दाखव. मीही रोज म्हणतो," म्हणाला.

फटाकी हे माझं घरातलं नाव. का, ते सांगायला नको.

आम्ही तिघंही एकाच विमान कंपनीत. दादा वैमानिक, मी प्रवाशांचं सामान तोलणारी आणि वहिनी उड्डाणं ठरवणारी. विमानात इंधन किती भरायचं, कुठल्या वाटेनं जायचं, ऐन वेळी अडचण आली तर कुठे उतरायचं, हे सगळं तिच्याकडे. तिच्या कामात एक नियम असतो. सांगणाऱ्यानं सांगितलं की ऐकणाऱ्यानं ते आपल्या तोंडानं परत म्हणायचं. नुसतं 'हो' चालत नाही. वहिनी म्हणायची, "'हो' म्हणणाऱ्यानं काय ऐकलं, ते कुणाला ठाऊक?" ठीक आहे, विमानाला ठीक आहे. पण हिनं तो नियम घरात आणला, भाजीवाल्याला लावला, सासूला गोळ्यांच्या वेळा म्हणायला लावल्या. ऑफिसात सगळे तिला 'म्हणूनदाखवा बाई' म्हणत, आणि ते नाव मीच ठेवलं होतं.

मग लढाई सुरू झाली. बाहेरच्या कंपन्यांनी गाशा गुंडाळला. आमचे मालक मात्र राहिले. ते शूर होते की त्यांना दुसरं काही येतच नव्हतं, देव जाणे. आमच्याकडे तीन विमानं होती. एक धावपट्टीच्या कडेला उभ्या उभ्या जळालं. दुसऱ्याचे सुटे भाग काढून काढून तिसरं चालवायचं, असं ठरलं. म्हणजे शेवटी एकच उरलं, आणि त्या एकावर आमची सगळ्यांची चूल. त्यातून आजारी माणसं जायची, औषधं यायची, ताटातूट झालेली कुटुंबं भेटायची. वेळापत्रक कसलं आणि काय! बॅग घेऊन बसा, हाक मारली की उठा. लोक माझ्यावर खेकसायचे, मी त्यांच्यावर. त्या दिवसांत मी जेवणापेक्षा शिव्याच जास्त खाल्ल्या.

शत्रूची भीती होतीच. पण आम्हा विमानवाल्यांना खरी भीती होती ती आपल्याच लोकांची. शहरामागच्या टेकडीवर आपल्या सैन्याचे क्षेपणास्त्रवाले बसलेले. आकाशात काही दिसलं की ते आपलं की परकं, हे ठरवायला त्यांना चहाचा एक घोट घेण्याइतकाही वेळ नसायचा. त्यात बिचाऱ्यांना झोप नाही, आणि समोरच्या पडद्यावर तर नुसता ठिपका. त्या ठिपक्यात माझा दादा बसलाय की बॉम्ब, हे त्या ठिपक्यावर थोडंच लिहिलेलं असतं?

म्हणून वहिनीनं टेकडीशी फोन जोडून घेतला होता. तिथे एक वयस्कर आवाज होता. आम्ही कुणीच त्यांना पाहिलेलं नाही. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "मला मामा म्हण." विमान निघताना आणि येताना वहिनी त्यांना सगळं सांगायची, आणि मामा एकही शब्द न गाळता म्हणून दाखवायचे. "तुमचं विमान, तळ्याच्या बाजूनं येणार, दिवे लावून, हळूहळू खाली. आपलं आहे, आम्ही हात लावणार नाही." ते झालं की मगच वहिनी दादाला रेडिओवर 'या' म्हणायची. त्याआधी नाही. मालक कितीही नाचले तरी नाही.

त्या दुपारी दादा शेजारच्या देशातून परत येत होता. विमान गच्च भरलेलं. सकाळी शहरावर हल्ला होऊन गेला होता, धूर अजून विरला नव्हता. जाणारे प्रवासी माझ्या डोक्यावर बसले होते, म्हणून मी विचारायला वहिनीच्या खोलीत गेले. ती फोनवर होती आणि तिचा चेहरा मला आवडला नाही.

"मामा कुठे आहेत?" ती विचारत होती.

फोन जुना, आवाज खोलीभर ऐकू यायचा. पलीकडे कुणीतरी तरुण होता. "मामा-बिमा कुणी नाही इथे. काय काम आहे ते बोला."

वहिनीनं सगळं सांगितलं. कुठलं विमान, कुठल्या बाजूनं, किती उंचीवरून. तो म्हणाला, "कळलं. येऊ द्या."

"म्हणून दाखवा."

"काय?"

"मी काय सांगितलं ते म्हणून दाखवा."

"अहो बाई, येऊ द्या म्हटलं ना! इथे काय चाललंय तुम्हाला माहीत आहे का?"

"म्हणूनच विचारतेय. विमान कुठल्या बाजूनं येणार आहे?"

मागे कुणीतरी ओरडत होतं. तो म्हणाला, "नेहमीच्याच." आणि फोन आपटला.

तिनं पुन्हा लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. रेडिओवर दादाचा आवाज आला, तो तळ्याच्या पलीकडे पोचला होता आणि येऊ का विचारत होता. वहिनी म्हणाली, "थांबा." कामावर ती नवऱ्याला अहोजाहो करायची. घरात अरेतुरे.

मालक धावत आले. त्यांना कुणीतरी सांगितलं असणार. "काय झालं? टेकडी नाही म्हणतेय?"

"नाही. हो म्हणतेय."

"मग?"

"त्यानं म्हणून दाखवलं नाही."

मालकांनी कपाळाला हात लावला. "बाई, हा शाळेचा वर्ग नाही! धोका आहे म्हणून एकदा जरी विमान वाटेतून परत फिरवलंत, तर विमा कंपनी ते पुन्हा इकडे येऊच देणार नाही. मागच्याच आठवड्यात त्यांनी बजावलंय. म्हणजे ते गेलंच. कंपनी बंद. आणि त्यातली सगळी माणसं तिकडे अडकली. रस्ते तर केव्हाच बंद झालेत."

हे तिला माहीत नव्हतं थोडंच! खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही. त्या विमानात नुसते प्रवासी नव्हते, माझा भाऊ होता. तो तिकडे उतरला तर लढाई संपेपर्यंत परत येणार नव्हता, आणि लढाई कधी संपते ते कुणाला विचारायचं? घरी आई खिडकीत बसली होती. विमानाचा आवाज आला की तिचा जीव भांड्यात पडायचा.

मी ओरडले. खोटं कशाला सांगू, मी तिच्या अंगावर धावून गेले. "तो माणूस येऊ द्या म्हणतोय, आणि तू अडून बसलीस? तुझ्या त्या हट्टापायी माझ्या भावाला देशाबाहेर घालवतेस? नवरा आहे तो तुझा!"

"म्हणूनच," ती म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. फोन पुन्हा फिरवला. लागला! पलीकडे तोच पोरगेला आवाज.

"हे बघा," वहिनी एकदम हळू बोलायला लागली, रडणाऱ्या मुलाशी बोलावं तसं. "तुम्ही दमला असाल. मी तुमची तक्रार करणार नाही. मला फक्त एवढंच सांगा, आता आकाशात काय येणार आहे?"

तो म्हणाला, "मला सारखे फोन येतायत. सगळेच काही ना काही सांगतायत. तुमचं ते... हेलिकॉप्टर ना?"

मालक खुर्चीला धरून उभे होते, ते खालीच बसले. वहिनी म्हणाली, "नाही. विमान. माणसांनी भरलेलं. तळ्याच्या बाजूनं." तो म्हणाला, "हो हो, तेच म्हणतोय मी." आणि लाइन तुटली.

"बघा, विमानच म्हणाला तो," मालक जमिनीवरूनच म्हणाले. "कळलंय त्याला. आता तरी बोलवा."

रेडिओवर दादा म्हणाला, "इंधन आता दोन्हीकडे पुरणार नाही. एक काय ते सांगा. मामा काय म्हणाले?"

शेवटचा शब्द वैमानिकाचा असतो. तो 'मी येतो' म्हणाला असता, तर आला असता. मी मनात म्हणत होते, म्हण रे, म्हण ना. वहिनी म्हणाली, "मामा नाहीत. नवीन माणूस आहे. येऊ द्या म्हणतोय. म्हणून दाखवता आलं नाही त्याला."

रेडिओ नुसता खरखरत राहिला.

"तुमचं मत?" दादानं विचारलं.

"परत फिरा. सीमेपलीकडच्या पहिल्याच विमानतळावर उतरा." तिचा आवाज इथपर्यंत सरळ होता. "म्हणून दाखवा."

त्यानं म्हणून दाखवलं. परत फिरतोय, सीमेपलीकडच्या पहिल्या विमानतळावर उतरतोय. अगदी साबण-दूध-मलम म्हणावं तसं, एकेक शब्द सुटा. मग म्हणाला, "आईला सांग..." आणि थांबला. वहिनीनं विचारलं, "काय सांगू?" तो म्हणाला, "काही नाही. तूच बघ."

मी खोलीबाहेर आले आणि बसलेल्या प्रवाशांना सांगितलं, की आज विमान येणार नाही. उद्याही नाही. त्या दिवशी मला कुणी शिव्या दिल्या नाहीत. लोक बॅगा उचलून निघाले, ते मला जास्त लागलं. मी आणि वहिनी बाहेरच्या पायऱ्यांवर, एकमेकींपासून लांब, टेकडीकडे बघत बसलो. आता काहीतरी होईल, एखादा स्फोट, एखादा लोळ. खरं सांगते, व्हावं असं मला वाटत होतं, म्हणजे दादा उगाच गेला नाही असं तरी झालं असतं. मागच्या कुठल्याही दुपारी नव्हतं इतकं आकाश शांत होतं. टेकडीवरून काहीही सुटलं नाही. संध्याकाळ झाली, पक्षी घराकडे गेले, आम्हीही गेलो. आईला वहिनीनंच सांगितलं.

विमा कंपनीनं शब्द पाळला. विमान तिकडेच राहिलं, आमची कंपनी बंद झाली. दादा तिकडे मालाची गाडी चालवतो. वहिनी आता रुग्णवाहिकांच्या फोनवर बसते आणि ड्रायव्हरांकडून पत्ते म्हणवून घेते. मी शिवणकाम करते, वाईट करते. टेकडीवरचे मामा कुठे गेले, ते कळलं नाही. मी वहिनीशी कितीतरी दिवस धड बोलले नाही. एकाच घरात राहून न बोलणं ही मोठी कला आहे, आणि ती मला येते.

त्या विमानात एका चष्मेवाल्याची बायको होती. आईला भेटायला गेली होती, ती तिकडेच अडकली. हा गृहस्थ दर रविवारी आमच्याकडे येऊ लागला. आरडाओरडा नाही, काही नाही. वहिनी त्याला खुर्ची द्यायची, चहा द्यायची. तो चहा संपवायचा आणि म्हणायचा, "बाई, त्या दुपारी टेकडीवरून एकसुद्धा गोळी सुटली नाही." वहिनी म्हणायची, "नाही सुटली." मग तो जायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. मी शिवणयंत्रावरून उठून आले.

"अहो, बायकोशी बोललात का एवढ्यात?"

"कालच बोललो," तो दचकून म्हणाला.

"काय म्हणाली?"

"भांडली."

"कशावरून?"

"मी कुंड्यांना पाणी घालत नाही म्हणून."

"मग झालं तर! भांडायला माणूस जिवंत लागतं! दर रविवारी येऊन या बाईच्या जिवाला कशाला घोर लावता? तिनं स्वतःचा नवरा तिकडे पाठवला, तुमची बायको एकटीच नाही पाठवली!"

चष्मेवाल्यानं कप खाली ठेवला. रागावला नाही. "ते मला कळतं हो," म्हणाला. "पण तेवढं भांडण समोरासमोर झालं असतं, तर बरं वाटलं असतं." आणि तो चपला घालून निघून गेला.

वहिनी दाराशीच उभी होती. आजवर सगळे तिला सांगत आले होते, आईसुद्धा, की तू केलंस तेच बरोबर. तिनं कधी कुणाला विचारलं नव्हतं. ती मला म्हणाली, "फटाके, तुला खोटं बोलता येत नाही. खरं सांग. त्या पोरानं पाडलं असतं?"

होय म्हणावं, असं इतकं आलं मनात! पण म्हणाले,

"माहीत नाही गं वहिनी."

"मलाही नाही," ती म्हणाली, आणि दाराला टेकून खाली बसली. त्या दुपारपासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती रडली, हमसून हमसून. मी तिच्याशेजारी बसले, तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि मीही रडले. म्हटलं, "दादा जिवंत आहे ना."

"आहे," ती म्हणाली. "आणि घरात नाही. दोन्ही माझ्यामुळेच."