सरव्याच्या गव्हावरचा नवस

नेरच्या बाहेर, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत कोकिळाचं घर आहे, आणि ते महिन्याच्या वीस तारखेपर्यंत अगदी नीट चालतं. पुढचे दहा दिवस ते कसं चालतं हे विचारू नये, कोकिळालाही ते नेमकं ठाऊक नाही. खाणारी तोंडं चार. जिनिंगमध्ये मजुरीला जाणारा नवरा बबनराव, अकरावीतली निकिता, आठवीतला पियुष आणि ती स्वतः. हे चौथं तोंड मोजायची घरात कुणालाच सवय नाही, अन् मोजलं नाही म्हणूनच तर भागतं.

बाईची अक्कल मात्र बघण्यासारखी. तेलाच्या बाटलीच्या झाकणाला तिने सुईने एकच भोक पाडलंय. बाटली उपडी करा, दाबा, हलवा, तेल उपकार केल्यासारखं थेंबाथेंबानेच येतं. बबनरावला कधी हुक्की आली की तो झाकणच काढून ओततो, आणि मग दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोलत नाही. तूरडाळ परवेजच्या दुकानातून येते, पण डाळ नव्हे, डाळीची चुरी. परवेज भला माणूस, चुरी स्वस्तात देतो, वर दहाचं तेल आणि पाचची चहापत्ती देतानाही तोंड वाकडं करत नाही. चुरीत खडे निघाले तेव्हा कोकिळाने त्याला भर दुकानात विचारलं होतं, की भाऊ, घर बांधायला गिट्टीही तुमच्याकडूनच न्यायची का. तेव्हापासून तो तिची चुरी स्वतः चाळून ठेवतो.

रेशनचा तांदूळ मिळतो, पोटाला तो खूप झाला. पण बबनराव पडला वऱ्हाडी गडी. भात म्हणजे आजाऱ्याचं खाणं, असं त्याच्या आईने त्याला लहानपणी सांगून ठेवलेलं आणि नंतर ती माउली निजधामाला गेली, त्यामुळे आता समजावणार कोण? ताटात पोळी किंवा भाकर दिसली नाही की तो घरात मयत झाल्यासारखा चेहरा करून बसतो. पोरांच्या डब्यातही भात चालत नाही, सांडतो, अन् मैत्रिणी हसतात. म्हणजे आली का पंचाईत. पोळी पाहिजे, आणि पोळीला गहू पाहिजे.

यावर कोकिळाचे दोन इलाज. पहिला इलाज देवांचा. सोमवार महादेवाचा, मंगळवार गल्लीतल्या मातामाय देवीचा, गुरुवार गुरूंचा, शनिवार मारोतीचा, संकष्टी आली की ती वरकड. लोक म्हणतात, बाई भलती धार्मिक. कसली धार्मिक! साबुदाणा कोणाच्या बापाने आणून ठेवलाय? तिचा उपास म्हणजे निव्वळ पाणी आणि कोरा चहा. एका उपासाला चार पोळ्या वाचतात. देव तेहतीस कोटी आहेत ते उगाच नव्हे, असं तिचं प्रामाणिक मत आहे.

दुसरा इलाज सरव्याचा. गहू कापून झाला की धुऱ्याला, म्हणजे बांधाला, कोपऱ्याला, हार्वेस्टर जिथे वळतो तिथे ओंब्या पडून राहतात. त्या वेचायच्या, त्याला सरवा म्हणतात. बहुतेक शेतमालक काही बोलत नाहीत. जे बोलतात त्यांच्या शेतात भर दुपारी जायचं, तेव्हा मालक घोरत असतो. यंदा कोकिळाने महिनाभर सरवा वेचला. डोक्यावर ओला दुपट्टा, कमरेला ओटी, आणि वाकून वाकून पाठीचा असा काही आकडा झाला की रात्री सरळ झोपता येईना. ओंब्या बडवल्या, पाखडल्या, आणि शेवटी परवेजच्या काट्यावर वजन केलं तर चाळीस किलो! तिने ते कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरले. आठवड्यातून तीन दिवस पोळी धरली तर हा गहू दिवाळीपर्यंत पुरणार होता. त्या रात्री तिला पाठदुखीतही छान झोप लागली.

आणि मग बबनरावचा मोबाईल हरवला.

मोबाईल कसला, काच तडकलेली, मागचं झाकण रबर लावून बसवलेलं. भंगारवाल्याला दिला असता तर त्याने बदल्यात पावभर कांदेही दिले नसते. पण बबनराव कासावीस झाला. जिनिंगचा हंगाम संपत आलेला, पुढच्या कामाला बोलावणाऱ्या ठेकेदाराचा नंबर त्या मोबाईलमध्ये. खरं म्हणजे जिनिंग बंद झाली की बबनराव दोन महिने खाटेवरच काढतो आणि ठेकेदाराचा फोन आला तर उचलत नाही. पण न उचलायला तरी फोन हाताशी लागतो ना! तीन दिवस शोधून थकला आणि मंगळवारी मातामायच्या ओट्यावर जाऊन, गल्लीतल्या वीस बायांच्या देखत, हात जोडून मोठ्याने बोलून बसला, की माये, मोबाईल भेटू दे, एक्कावन माणसाईले रोडगे खाऊ घालतो.

मोबाईल गुरुवारी सापडला. बबनरावच्याच पँटच्या खिशात, धुण्याच्या ढिगात. कोकिळाने पाण्यात बुडवायच्या आधी खिसा चाचपला म्हणून वाचला. सापडवला तिने, पुण्य गेलं मातामायला, आणि रोडगे आले बोकांडी.

आता रोडगा म्हणजे काही फुलका नव्हे. घट्ट कणकेचा पदर घातलेला चांगला मुठीएवढा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. एरवी दोन पोळ्यांत हात धुणारा माणूस रोडग्याच्या पंगतीत बसला की चार उडवतो आणि वर विचारतो, आहेत का अजून. शिवाय एक्कावन म्हटलं की एक्कावन थोडेच येतात? शेजारच्या बेबीताईने, म्हणजे कुणाच्याही घरच्या जेवणाचं निमंत्रण आपल्याच घरचं असल्यासारखं देत फिरणाऱ्या बाईने, पाटीवर नावं लिहायला घेतली होती. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नावं त्र्याहत्तर झाली. त्यात बेबीताईच्या माहेरचे नऊ.

कोकिळाने बबनरावला परोपरीने सांगितलं. गोड बोलून सांगितलं, भांडी आपटून सांगितलं. हा गहू गेला तर पोरांच्या डब्यात काय माती भरू, असंही विचारलं. बबनराव खाटेवर पडल्या पडल्या ऐकत होता. सगळं ऐकून घेतलं, उठला, कोठीजवळ गेला आणि बोटाने पत्रा टकटक वाजवून पाहिला.

"घरात गहू भरून आहे," तो म्हणाला, "मंग तू कायची चिंता करून राह्यली?"

कोकिळाला असा संताप आला की कोठीत गव्हाच्या जागी याला भरावं आणि वरून कडुनिंबाचा पाला टाकावा. पण नवस बोललेला, तोही चारचौघांत. नाही म्हणावं तर उद्या पियुषला साधा ताप आला तरी गल्ली म्हणणार, रोडगे नाही घातले म्हणून. आणि मनातून, खोटं कशाला बोला, तिलाही मातामायची थोडी भीती होतीच.

पुढच्या मंगळवारी दिवस कलताना सगळे ओट्यावर जमले, रोडग्यांचा दिवस ठरवायला. ऊद पेटवलेला, एक जण डफ बडवतोय, उकाडा असा की जीव नकोसा. कोकिळाचा मंगळवार. सोमवारही झालेला. रविवारी रात्री पातेल्यात जे उरलं होतं ते पियुषने मागून घेतलं होतं. बेबीताई पाटी घेऊन नावं वाचायला लागली आणि पस्तिसाव्या नावाला कोकिळाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. ती एकदा पुढे गेली, एकदा मागे आली, अंबाडा सुटला, आणि ती ओट्यासमोर धपकन बसून डोलायला लागली.

"आली! माय आली!" कोणीतरी ओरडलं.

झालं. डफवाल्याला चेव आला. बायांनी कपाळभर कुंकू थापलं, कुणी पायाशी लिंबू ठेवलं, कुणी तोंडाला गूळपाणी लावलं. ते गूळपाणी घशाखाली उतरलं तशी कोकिळाची अंधारी ओसरली आणि डोळे उघडले. समोर सारी गल्ली हात जोडून उभी. पहिल्या रांगेत बबनराव, तोंड उघडं. बावीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्याकडे इतकं लक्ष देऊन कधी बघितलं नव्हतं.

भोवळ आली होती, एवढं सांगून ती उठू शकली असती. उठलीच होती जवळजवळ. मग तिला बेबीताईच्या हातातली पाटी दिसली. तिने पुन्हा डोलायला सुरुवात केली.

"माये, रोडगे कधी घालायचे?" बेबीताईने विचारलं.

कोकिळाने घशातून असा आवाज काढला की तिची तीच दचकली. "कोनाच्या गव्हाचे?"

बबनराव कसाबसा पुढे सरकला आणि म्हणाला, की घरचा गहू आहे माये, कोठीतला.

"थो बाईचा गहू आहे. तिनं पाठ मोडून येचला. त्यातल्या एका दान्याले हात लावशीन तं याद राख. नवस तू बोलला नं? मंग तुह्या घामाचा गहू आन."

बबनरावने दोन्ही कान पकडले. तरी इमानदार माणूस, विचारलं त्याने, की माये, मी एक्कावन बोललो होतो, एवढा गहू मी कुठून आणू. आणि इथे कोकिळाला, भाजीबाजारात आयुष्य घालवलेली बाई ती, राहवलं नाही.

"अकरा बास झाले," मातामाय म्हणाली.

देवीने आपणहून भाव उतरवल्याचं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण देवीला कोण बोलणार? त्याच झपाट्यात मातामायने बेबीताईकडे बोट केलं आणि डाळ, वांगे आणि गोवऱ्या तिच्या घरून आणायला फर्मावलं. बेबीताईने पाटीवरची नावं पदराने तिथल्या तिथे पुसली.

गर्दी पांगली तेव्हा म्हातारी बिजलीबाई कोकिळाजवळ आली. बिजलीबाईच्या अंगात तीस वर्षं माय येत असे, गुडघे गेल्यापासून बंद झालं. तिला या प्रकारातलं सगळं कळतं. म्हातारीने कोकिळाच्या कपाळावरचं कुंकू आपल्या लुगड्याने निपटलं, आणि कानाशी वाकून हळूच विचारलं, "पोरी, पोटात काय हाय तुह्या?" कोकिळाला एकदम रडू फुटलं, इतकं की हुंदका आवरेना, आणि लांब उभ्या असलेल्या बाया एकमेकींना म्हणाल्या, जाताना माय तिला त्रास देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी बबनराव दिवस उगवायच्या आत घराबाहेर पडला. बाजार समितीत गव्हाची आवक सुरू होती, हमालांची गरज होती. उन्हाळ्यात त्याला खाटेवरून उठलेला पाहून पियुषने आईला विचारलं, की बाबाले काय झालं. आठ दिवस त्याने पोती उचलली. खांद्याची साल निघाली. मजुरी म्हणून त्याने गहूच मागून घेतला आणि रोज संध्याकाळी पिशवी आणून अशी ठेवायचा की जणू आत सोनं आहे. एकदा पिशवीच्या शिवणीतून मूठभर गहू वाटेत सांडला, तर हा बाबा भर रस्त्यात बसून दाणा दाणा वेचत होता. निकिताने ते पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं. कोकिळा हसली, आणि सुईदोरा घेऊन पिशवीची शिवण घालायला बसली.

रोडगे झाले. अकरा माणसं बसायची, तरी सतरा झालीच, पण भागलं. बेबीताईने तोंड पाडून का होईना, वांग्याची भाजी झकास केली. पंगतीच्या आधी बिजलीबाई म्हणाली, की ज्या बाईच्या अंगात माय आली तिला पहिलं ताट, तशी रीत आहे. अशी रीत खरोखर होती की म्हातारीने तिथेच काढली, देव जाणे. कोकिळा पाटावर बसली. बबनरावने स्वतः तिला वाढलं. लग्न झाल्यापासून ती कधी सगळ्यांच्या आधी जेवली नव्हती. पहिला घास इतका गरम असतो, हे ती विसरूनच गेली होती. तिने चार रोडगे खाल्ले, पाचवा मागून घेतला, आणि तोही सोडला नाही.

सगळे गेले. कोठीतला चाळीस किलो गहू जसाच्या तसा होता. बबनराव अंगणात उरलेलं वरण ओरपत बसला होता, आणि खरंच, चेहऱ्यावरून बदललेला दिसत होता. तो म्हणाला, की देवीने डोळे उघडले माझे. एकेक किलो गहू घरात येतो कसा, अन् तो जपून का वापरायचा, हे या आठ दिवसांत समजलं.

कोकिळाने भांडी घासायची थांबवली. "अन् हेच म्या सांगतलं असतं तं?"

बबनरावने खरोखर विचार केला. फसवणं त्याच्या स्वभावातच नाही.

"तू तं रोजच सांगतं," तो म्हणाला.

टोमणा नव्हता त्यात, भांडण नव्हतं. जे होतं ते सांगून तो पुन्हा वरणाकडे वळला. कोकिळा त्याच्या वाकलेल्या पाठीकडे, साल निघालेल्या खांद्याकडे बघत राहिली. कीव आली, राग आला, आणि राग जास्त आला. मग तिने राखेचा हात धुतला, पदर खोचला, आणि मनाशी पक्कं केलं, की यापुढे ह्या माणसाला काही कामाचं सांगायचं असलं की आधी केस मोकळे सोडायचे.