शिडाचं पोट

मी पुण्याचा, म्हणजे मत आधी आणि माहिती मागाहून. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये लागलो तेव्हा मला जेमतेम तेविसावं होतं. नोकरी पक्की व्हायची होती, आणि ती ज्यांच्या सहीनं होणार ते आमचे साहेब तरुणपणी मुंबईच्या बंदरात शिडाच्या होड्या चालवलेले. त्यांनी कोचीत कुणा व्यापाऱ्याकडून एक जुनी लाकडी होडी घेतली होती. दसऱ्याच्या सुटीत चौघांनी जायचं आणि कोचीहून खाडीखाडीनं, कालव्यांतून, दक्षिणेला क्विलॉनपर्यंत होडी न्यायची असा त्यांचा बेत होता. होडी ठणठणीत होती, शीड मात्र कुजलेलं. नवं शीड कोण करून देईल, असं त्यांनी जेवणाच्या सुटीत विचारलं आणि मी हात वर केला.

आमचं मूळ गाव कोकणात, समुद्राकाठी, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खरंच होतं. पण त्या गावी मी उभ्या जन्मात दोनदा गेलो होतो, तेही लहानपणी, आणि दोन्ही वेळा आंबे खाऊन परत आलो होतो.

राजाजीनगरात मी ज्यांच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो ते अण्णा शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले. मराठी घरात टिकली होती, पण तिच्यात कानडी इतकी मिसळली होती की पहिल्या महिन्यात मी त्यांच्या बोलण्याची नक्कल करून ऑफिसात लोकांना हसवत असे. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणे, मीही म्हणू लागलो. रोज संध्याकाळी मी आलो की अक्का न विचारता कॉफी आणून ठेवत.

त्या अक्कांनीच मला एकदा सांगितलं की अण्णांची नजर अधू होत चालली आहे. पोलक्याची बारीक शिवण आता जमत नाही, गिऱ्हाइकं कपडे परत आणतात. जाड कापड, मोठा टाका असलं काम असेल तर अजून दहा वर्षं बसतील. आमच्या कारखान्यात यंत्रांवर घालायला कॅनव्हासच्या खोळी लागत आणि त्या बाहेरून शिवून घ्यायच्या असं तेव्हा नुकतंच ठरत होतं. मी साहेबांना अण्णांचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, आधी शीड कसं शिवतात ते पाहू, मग खोळींचं बघू. मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. अक्कांनी त्या दिवशी कॉफीबरोबर कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, दिली.

शिडाची मापं साहेबांनी दिली आणि नकाशा मी काढला. सगळ्या रेघा पट्टीनं ओढलेल्या, कोन अचूक, खाली माझी झोकदार सही. अण्णांनी तो गच्चीवर पसरला, चष्मा कपाळावर नेऊन नाक कागदाला लागेपर्यंत वाकून पाहिला. मग खिशातला निळा खडू काढून माझ्या सरळ रेघांवर हलक्या हातानं बाकदार रेघा ओढल्या. म्हणाले, "पट्ट्यांच्या कडा स्वल्प गोल कापू या की. मध्ये पोट सुटू दे. कापड सपाट राहिलं तर वारं बसणार कुठं?"

अण्णांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. पण चाळीस वर्षं माणसांच्या अंगावर कापड बसवून त्यांना एवढं कळलं होतं की ज्याला काही धरून ठेवायचं असतं ते कापड सपाट असून चालत नाही. मला मात्र माझ्या नकाशावर कुणी खडू फिरवला याचाच राग आला.

"अण्णा, हे शीड आहे, पोलकं नव्हे," मी म्हणालो. "नकाशाप्रमाणे कापा."

"सरी," अण्णा म्हणाले, म्हणजे कानडीत बरं, आणि नकाशाप्रमाणे कापलं.

आठ दिवस गच्चीवर काम चाललं. दुहेरी टाका, कोपऱ्यांना चामड्याचे तुकडे, कडेला दोर गुंफलेला. शिवणीत एक टाका चुकलेला सापडला नसता. आयुधपूजेच्या दिवशी अण्णांनी मशीन धुऊन पुसून तिला झेंडूची माळ घातली, शेजारी घडी केलेलं शीड ठेवलं आणि शिडावर माझा नकाशा. सगळ्यांना हळदकुंकू लावलं, कागदालाही. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नसतो, म्हणून ते दिवसभर दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शीड दाखवत होते. दुसऱ्या दिवशी दसरा झाला आणि आम्ही रेल्वेनं कोचीला निघालो.

पहिली सकाळ सुंदर होती, हे आजही कबूल करतो. पाऊस नुकताच सरला होता, नारळीची झाडं पाण्यावर वाकली होती, काठावर बायका काथ्या वळत होत्या आणि नारळाची सोडणं कुजवल्याचा वास सगळीकडे भरून राहिला होता. पाणी रुंद झालं, पश्चिमेकडून मंद वारा सुटला आणि साहेबांनी शीड चढवायला सांगितलं. पांढरंशुभ्र शीड वर गेलं, कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका. आम्ही टाळ्या वाजवल्या.

होडी हलेना. म्हणजे हलत होती, पण काठावरून चालत जाणारी म्हातारी आमच्या पुढे निघून गेली. शीड फळकुटासारखं ताठ उभं राही, नाहीतर फडफडे. वारा यायचा आणि त्याच्यावरून घसरून जायचा. साहेबांनी दोर सैल केले, आवळले, सुकाणू फिरवून पाहिलं. तेवढ्यात मागून एक मालवाहू होडी आली, कौलांनी काठोकाठ भरलेली. तिचं शीड म्हणजे ठिगळांची गोधडी होती, पण ते गच्च फुगलेलं होतं आणि होडी आमच्या बाजूनं सरळ पुढे गेली. तिच्यावरच्या नावाड्यानं आमच्या शिडाकडे बोट केलं, हसला, आणि स्वतःच्या पोटावरून हात गोल फिरवून दाखवला.

साहेब ते बघत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"याला पोटच नाही. हे असं सपाट कापलं कुणी?"

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. वेळ मिळाला होता. नोकरी, सही, कोकणातलं गाव, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

"शिंप्यानं," मी म्हणालो. "पोट ठेवा म्हणून मी सांगितलं होतं. त्यानं ऐकलं नाही."

साहेबांनी मान हलवली. सांगितलेलं न ऐकणारा माणूस खोळींच्या कामाला नको, एवढं म्हणाले आणि वल्ही काढा म्हणाले. ते रागावलेसुद्धा नाहीत. रागावले असते तर कदाचित भीतीच्या भरात माझ्या तोंडून खरं निघालं असतं.

क्विलॉनला पोचायला आम्हाला सहा दिवस लागले. निम्मी वाट वल्हवत, आणि कालवे आले की दोघांनी काठावर उतरून दोरानं होडी ओढायची. ओढायला मी प्रत्येक वेळी पुढे झालो. सगळे मला कष्टाळू म्हणू लागले. मला होडीत साहेबांसमोर बसवत नव्हतं, एवढंच त्याचं कारण होतं. रोज सकाळी ठरवायचो की आज सांगू, आणि रोज दुपारी तो कुंकवाचा ठिपका डोळ्यांपुढे घेऊन वल्हं मारायचो. अत्यंत हलका माणूस आहोत आपण, हे मला त्या सहा दिवसांत कळलं. कळून उपयोग काही झाला नाही.

साहेब सरळ मनाचे होते. परत आल्यावर मी ऑफिसात असताना ते स्वतः शीड घेऊन अण्णांच्या दुकानी गेले आणि काम नीट झालं नाही, खोळी दुसरीकडे देत आहोत, हे तोंडावर सांगून आले. संध्याकाळी मी घरी पोचलो. अक्कांनी कॉफी आणून ठेवली, पण थांबल्या नाहीत. अण्णांनी मशीनच्या खणातून तो नकाशा काढला. माझ्या सरळ रेघा, त्यांवर निळ्या खडूच्या बाकदार, कुंकवाचं बोट आणि खाली माझी सही. तो साहेबांपुढे नुसता उलगडला असता तरी पुरे होतं.

"साहेबांना म्हणालो, माझी चूक झाली," अण्णा म्हणाले. "तुमची नोकरी अजून पक्की नाही की. हा कागद ठेवा तुमच्यापाशी. उगाच कुणाच्या हाताला लागायला नको."

साहेबांचा बंगला सायकलनं वीस मिनिटांवर होता. बोलायचं होतं ते एकच वाक्य. मी कागदाच्या चार घड्या केल्या, तो खिशात घातला आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावलं. सांगायला लाज वाटते, पण मला आधी हायसं वाटलं. लाज नंतर आली, आणि मग ती कधी गेलीच नाही.

महिन्याभरात मी ऑफिस लांब पडतं असं सांगून खोली बदलली. नोकरी पक्की झाली. पुढच्या वर्षी साहेबांनी कोचीतच नवं शीड करून घेतलं आणि मला पुन्हा बोलावलं. मी गेलो. या खेपेला होडी पळाली.

पाचसहा वर्षांनी काही कामानं राजाजीनगरात जाणं झालं, तेव्हा पाय आपोआप त्या गल्लीत वळले. दुकान बंद होतं. अण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते. दिसत जवळजवळ नव्हतंच, पण माझ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं आणि आत वळून अक्कांना कॉफी टाकायला सांगितलं. मी उभाच राहिलो. ते थोडा वेळ इकडचंतिकडचं बोलले. मग म्हणाले,

"त्या होडीचं शीड बदललं का हो?"

"बदललं."

"पोट ठेवलं ना त्याला?"

"ठेवलं, अण्णा."

"सरी," ते म्हणाले. "मग चालली असेल."

त्यांना मनापासून बरं वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. नकाशा तेव्हाही माझ्या ट्रंकेत होता, आजही आहे. तुमचंच बरोबर होतं, एवढं म्हणायला मी तोंड उघडलं. पण अक्का आतून कपबशी घेऊन आल्या, माझ्याकडे न बघता त्यांनी ती माझ्या हातात दिली, आणि मी कॉफी पिऊन निघालो.