विमान मंदार चालवत नव्हता

बातमी आली तेव्हा मी वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये आणखी एक वाटी आमटी मागत होतो. समोरच्या टीव्हीवर पट्टी सरकत होती... ईशान्येत हवाई दलाच्या मालवाहू विमानाशी संपर्क तुटला. मी ती वाचली आणि आमटी भुरकून संपवली, हे आधीच सांगून टाकतो. हात धुताना डोंबिवलीहून सुधामावशीचा फोन आला. "विनू, मंदारचा फोन लागत नाहीये रे." "अगं, डोंगरात रेंज नसते," मी म्हणालो. आमच्या घरात मी काहीही इतक्या खात्रीने सांगतो की लोकांना ते पटतं. तिलाही पटलं. संध्याकाळपर्यंत.

मंदार माझा मावसभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. हवाई दलात लोडमास्टर. म्हणजे विमानात कुठलं सामान कुठे ठेवायचं, कशाला किती पट्टे आवळायचे, हे बघणारा. वजन चुकीच्या जागी सरकलं तर विमान पडूही शकतं, असं तो सांगायचा. हे खूळ तो सुट्टीवरही घेऊन यायचा. टिटवाळ्याला गणपतीला निघालो की जीपमधल्या सगळ्या पिशव्या उतरवून नव्याने लावायचा आणि मला उठवून मधल्या सीटवर बसवायचा. "दादा, तू जड माल. तू मधेच बरा." कुठलीही पिशवी एका हाताने उचलून तो किलो सांगायचा. मावशी त्याचा आकडा भाजीवाल्याच्या काट्याशी ताडून बघायची आणि दर वेळी भाजीवाला खजील व्हायचा.

आता माझा पराक्रम. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात, ठाण्याच्या हॉलवर, व्याह्यांच्या काकांनी मंदारकडे बघत विचारलं, हे काय करतात? मी सगळं नीट समजावलं. काका म्हणाले, "म्हणजे सामान चढवतात?" त्यांचा तो चेहरा मला सहन झाला नाही. मी म्हणून गेलो, "नाही हो, पायलट आहे आमचा!" तिथून पुढे प्रत्येक लग्नामुंजीत मंदार पायलट झाला. ढग चिरायचा, बर्फात विमान उतरवायचा, माझ्या तोंडून. सुरुवातीला तो दुरुस्त करायचा, "मी चालवत नाही, मी बांधतो." नंतर त्याने नाद सोडला. "दादा, पुढच्या बारशाला मला एअर मार्शल करून टाक."

शोध बरेच दिवस चालला. ढग हटत नव्हते. शेवटी एका उतारावर अवशेष दिसले, तिथवर माणसं पोचायला आणखी दिवस गेले, आणि मग पेटी आली. उघडू नका, असं सोबतच्या अधिकाऱ्याने अगदी हळू सांगितलं. मी खांदा दिला. मला वजनातलं काही कळत नाही, पण ते फक्त पेटीचंच वजन होतं... अजूनही भर दुपारी, ऑफिसच्या लिफ्टमध्ये वगैरे, मला मंदार दिसतो. ती पेटी एका हाताने उचलून बघतो, आणि आकडा सांगत नाही.

तेराव्यानंतर मावशीच्या सोसायटीने शोकसभा ठेवली. गेटवर बॅनर लागला, 'वीर वैमानिक'. मजकूर कोणाच्या बडबडीतून आला हे वेगळं सांगायला नको. सभेच्या आधी शेजारचे जोशीकाका मावशीजवळ बसले. माणूस भला, मंदारला लहानपणी खांद्यावर खेळवलेला. डोळे पुसत म्हणाले, "सुधाताई, एवढे ढग दिसत होते, तर परत फिरवायचं ना हो त्याने. बाकीची माणसंही वाचली असती." मावशी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी पोराला पायलट केलं होतं, आणि आता त्या माणसांचे जीव त्याच्या नावावर लागत होते.

मी तिला आतल्या खोलीत नेलं. "मावशी, मी आत्ता माइकवरून खरं सांगून टाकतो. तो चालवत नव्हता."

"मला माहीत नाही का रे ते? मग कोण चालवत होतं?"

"होता एक. दक्षिणेकडचा. तिशीही नव्हती उलटली."

"आई आहे त्याला?"

"असेल ना."

"मग जोशींना तिच्या दारात पाठवतोस?"

मी दार ओढून घेतलं.

"माझा एक पोरगा गेला," ती म्हणाली. "विमानात काय झालं ते तू बघितलंस? मी बघितलं? राहू दे तो बॅनर."

माइकवर मी जेमतेम दोन वाक्यं बोललो. लोकांना वाटलं, दुःखाने आवाज बसला.

त्यानंतर मी दर रविवारी डोंबिवलीला जातो. मागच्या आठवड्यात मजल्यावर नव्याने राहायला आलेली बाई भेटायला आली होती. फोटोकडे बघून तिने विचारलं, "पायलट होते ना?" मावशीने चाळीस वर्षं शाळेत शिकवलं. खोटं बोललो म्हणून तिने मला एकदा सबंध दुपार गॅलरीत उभं केलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "हो." मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि भरलेलाच माठ भरत बसलो.

बाई गेल्यावर मी मावशीला म्हटलं, हे आता मला लिहू दे, मंदार खरंच काय करायचा ते तरी लोकांना कळू दे. ती म्हणाली, "लिही. त्या मुलाचं नाव घालू नकोस. आणि त्याच्या आईने वाचलं तर तिला टोचेल असं काही नको. हवा वाईट होती, हे आधी लिही."

मावशी, आधी लिहायचं राहिलं, शेवटी लिहितो. त्या दिवशी तिकडची हवा फार वाईट होती.