दांडा झिजलेला, दात कोरे

आमच्या ह्यांना सगळा बाजार ‘पारखी’ म्हणतो. कॉफी दळायच्या जुन्या बिडाच्या चक्क्या ओळखायच्या आणि त्यांची किंमत सांगायची, हा ह्यांचा धंदा. असल्या धंद्यावर कुणाचं पोट चालतं का, असं माझ्या आईनं लग्नाआधी विचारलं होतं. चाललं की! एकतीस वर्षं चाललं. जुन्या वस्तूंचे शौकीन, हॉटेलवाले, नाटकाला सामान पुरवणारे, सगळे आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसायचे आणि हे चष्मा कपाळावर चढवून निकाल द्यायचे.

माणूस हुशार, ते मी नाकारत नाही. चाकावर ओतलेली अक्षरं, कारखान्याचा आकडा, कुठली नक्षी कुठल्या सालातली, सगळं तोंडपाठ. स्क्रूच्या डोक्यावर अधिकची खूण दिसली, म्हणजे स्क्रू अलीकडचा, की म्हणायचे, “ही तुमच्या आजोबांची? मग आजोबा तुमच्याहून लहान दिसतात!” लोक खूश. घरात मात्र तोंडात मिठाची गुळणी. धंद्यातलं एक अक्षर मला कधी सांगितलं असेल तर शपथ.

मी चक्क्या साफ करायची. आलेली प्रत्येक चक्की आधी मागच्या खोलीत माझ्याकडे. पाणी लावायचं नाही, गंज धरतो. कोरडा ब्रश, फडकं, तेलाचा एखादा थेंब. लेक लहानपणापासून शेजारी बसून बघायची, “आई, हे काय? आई, हे असं का?” तिला मी सगळं सांगायची. माझं ऐकणारं दुसरं होतंच कोण?

माझ्या हाताला जे कळलं ते ह्यांच्या पुस्तकांत नव्हतं. जुनी चक्की म्हणजे वापरलेली चक्की. दांड्याची मूठ झिजली असेल, तर आतले कॉफी भरडणारे दातही बोथट हवेत. रंग एकाच बाजूला उडालेला हवा, कारण दळताना माणूस दुसरा हात एकाच जागी टेकवतो. आणि लाकडी खणात मुरलेला कॉफीचा वास काही केल्या जात नाही. खोटी चक्की बनवणारे मूठ घासतात, गंज चढवतात, पण आतल्या दातांपर्यंत जायचा त्यांना कंटाळा. कोण उघडून बघतंय, म्हणतात. मी बघत होते.

पाच वर्षांपूर्वी एकदा न राहवून मी पुढच्या खोलीत गेले. म्हटलं, “अहो, ही नवी आहे. दात बघा.” तीन व्यापारी बसले होते. हे माझ्याकडे न बघताच म्हणाले, “आता भांडी घासणारीला विचारून भाव ठरवायचे का?” काय हशा पिकला! एकाला तर ठसका लागला. चक्की नवीच निघाली, पण ते मला येऊन कुणी सांगितलं नाही, शेजारणीकडून कळलं. पिकतं तिथे विकत नाही, म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं. म्हटलं, बुडाल एकदा, मग कळेल.

बुडायचा दिवस आला तो असा. लेकीला परगावच्या कॉलेजात जागा मिळाली होती, इमारतींचे नकाशे काढायचं शिक्षण. पहिल्या वर्षाची फी आम्ही पै पै करून जमवली होती. ती माझ्या कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. फी भरायला बारा दिवस उरले असताना एक दलाल दोन चाकांची मोठी चक्की घेऊन आला. लाल रंग, सोनेरी फुलं, वर पितळेचा पक्षी. हे तर लहान मुलासारखे तिच्याभोवती फिरायला लागले. दलाल म्हणाला, “दुपारपर्यंत ठेवून घ्या, निवांत बघा. पण एकदा पैसे दिले की माल परत नाही.” बाजाराची रीतच आहे ती.

मागच्या खोलीत मी चक्की उघडली. मूठ झिजून गुळगुळीत, आणि आत दात कालच घडवल्यासारखे कोरे करकरीत. खणाला वास होता तो नुसत्या रंगाचा. मी सगळं जागच्या जागी बसवलं.

“झाली साफ?” ह्यांनी विचारलं.

“झाली.”

“एका हॉटेलवाल्याला कळवलंय. आठवड्यात पैसे तिप्पट होतील. किल्ली दे.”

लेक टेबलाशीच बसली होती. म्हणाली, “बाबा, माझ्या फीची तारीख एकवीस आहे हं.”

“एकवीसला तुझी फी भरून वर पेढे वाटीन!”

मी किल्ली दिली. खरं सांगू? आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आता बघू पारख्याचं तोंड, एवढंच मनात.

हॉटेलवाला अठराला आला, सोबत स्वतःचा माणूस घेऊन. त्या माणसानं दोन स्क्रू काढले, आत बॅटरी मारली आणि म्हणाला, “पारखी, वर्षभरापूर्वीचीसुद्धा नाही ही.” हे खुर्चीत बसले ते उठेनात. दलालाचा फोन बंद. आठ दिवसांत सगळ्या बाजारात बोभाटा झाला. दुसऱ्याला अपशकुन करायला मी आपलंच नाक कापून बसले होते.

एकवीस तारीख गेली. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. लेक आता चपलांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, दोन वर्षं झाली.

आता हे प्रत्येक चक्की माझ्यापुढे ठेवतात. “बघ गं जरा, तुला काय वाटतं?” मी सांगते तोच भाव लिहितात. व्यापारी मला वहिनी म्हणतात, खुर्ची देतात. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

लेकीनं ही दोन वर्षं काहीच विचारलं नाही. तिला कळलं होतं, मीच तर शिकवलं होतं तिला. परवा सकाळी डबा भरताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “आई, ती चक्की तूच उघडली होतीस ना?”

“हो.”

“किल्ली देताना मी समोर होते. एकदा तरी माझा विचार आला का गं मनात?”

तिच्याशी खोटं बोलायला मला तोंड उरलं नव्हतं.

“नाही आला,” मी म्हटलं.

तिनं डब्याचं झाकण लावलं आणि कामावर गेली.