अळणी वरण

कपाशीत वीज पडून मी शिकवते त्या वर्गातल्या एका मुलीचे वडील वारले. शाळा सुटली की मी तलमडुगू गावात त्यांच्या घरी जाऊन बसायचे. चूल बंद होती, त्यामुळे जेवण शेजारपाजारहून यायचं.

वरण आणायची ती गावात भाजी विकणारी एक बाई. पाटी दाराबाहेर उतरवायची, पदराला हात पुसायची आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मुलीच्या आईला म्हणायची, “बाई, मीठ टाकाचं राह्यलं. कुठी ठेवता तुमी?”

पहिल्या दिवशी मुलगी मीठ आणायला उठली, तर हिने तिला हात धरून खाली बसवलं. आई हलली नाही. सगळे अळणीच जेवलो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आई भिंतीला धरून उठली आणि मिठाचा डबा घेऊन आली.

मला राहवलं नाही. भाजीवालीला बाहेर गाठून विचारलं, “रोज मीठच कसं विसरता?”

पाटी डोक्यावर घेत ती म्हणाली, “इसरत नाही, मॅडम. उठ म्हनलं तं दुःखातली बाई उठत नाही. पन मीठ मागतलं तं तिले उठा लागते.”

चौथ्या दिवशी मिठाचा डबा आधीच बाहेर काढून ठेवलेला होता. भाजीवालीने तो पाहिला. त्या दिवशी तिने वरण आणलंच नव्हतं. पाटीतली चार वांगी तिने आईपुढे ठेवली.

“बाई, काडीपेटी कुठी ठेवता तुमी?”