पोथीचा हुंकार

हे पत्र घेऊन नीट बस गं, आणि आधी तो फोन पालथा ठेव. हिंजवडीहून बिबवेवाडीला यायला सवड नाही, आणि वर रुसून विचारतेस, "आत्या, तुझा आवाज गेला होता ते मला कळवलं का नाहीस?" अगं, आवाज गेलेली बाई फोन कशी करणार? म्हणून आता सगळं लिहून सांगते.

घशातली गाठ काढली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले मौनाचे दिवस संपले, तरी तोंडातून नुसता वारा निघे. त्या म्हणाल्या, जोर लावू नका, वाट बघा. मी कुठली बघते! दार लावून देवासमोर बसायची आणि ताणून ताणून 'राम' म्हणू पाहायची. चातुर्मास तोंडावर आलेला. सोसायटीच्या देवळातली पोथी इतकी वर्षं मीच वाचते. शाळा चौथीत सुटली, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. ती पोथी म्हणजे माझी पदवी. तीच गेली तर मी उरले कोण? देवावर इतकी रागावले की दिवा लावायची, पण त्याच्याकडे बघायची नाही.

तेव्हाच समोरच्या फ्लॅटमध्ये सुजाताबाई राहायला आल्या, नागपूरकडच्या. बौद्ध आहेत, नेमाने विहारात जाणाऱ्या. मुलगा तुझ्यासारखाच कॉम्प्युटरवाला, तो कामावर गेला की एकट्या. विरजण मागायला आल्या आणि माझ्या खाणाखुणा पाहून काय ते समजल्या. उशाशी तू दिवाळीत दिलेलं, युरोपातल्या जुन्या विचारवंतांचं मराठी पुस्तक होतं. "मी वाचून दाखवू का, ताई? मलाही दिवसभर बोलायला कोणी नाही." मग रोज दुपारी येऊ लागल्या.

एका दुपारी इटलीतल्या कुणा पाचशे वर्षांपूर्वीच्या विद्वानाचं प्रकरण निघालं. त्याचं म्हणणं असं, की देवाने प्रत्येक जिवाला जागा नेमून दिली, माणसाला मात्र दिली नाही. घसरायचं की चढायचं, ते त्याच्यावरच सोपवलं. सुजाताबाई थांबल्या. "हे तर आमच्या विहारात सांगतात, ताई. जन्माने कोणी उंच नाही, आपला दिवा आपणच व्हायचं." मला वाटलं, गीतेत तरी वेगळं काय आहे? आपणच आपल्याला वर काढायचं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली तीन गावची माणसं, आणि पाणी भरलं एकाच विहिरीचं.

त्या पुढे वाचू लागल्या. आपली रीत तुला ठाऊक आहे, पोथी ऐकणाऱ्याने मधूनमधून हुंकार द्यायचा, नाहीतर वाचणाऱ्याला भिंतीशी बोलल्यासारखं होतं. मी ऐकण्यात इतकी रमले होते की सवयीने म्हणून गेले, "हूं."

त्यांनी मान वर केली. "ताई, आवाज येऊन राहिला ना तुमचा."

मला रडूच कोसळलं. "रडा," त्या म्हणाल्या, "पण आता आवाजात रडा."

घशातली सूज उतरली असेल, मी वाद घालत नाही. पण मी ओढत होते तोवर आवाज आला नाही; स्वतःला विसरून दुसऱ्याचं ऐकत बसले, तेव्हा आला. चढायचं आपणच, हे खरंच. पहिली पायरी मात्र मूठ सोडण्याची असावी.

चातुर्मासात पोथी मीच वाचली. पुढ्यात हुंकार द्यायला सुजाताबाई. एका आजोबांनी विचारलं, "ह्यांना आपल्यातलं कळतं का?" मी म्हटलं, "अहो, आपण इतकी वर्षं पोथीला डुलक्या घेता. त्या जाग्या असतात." पौर्णिमेला विहारात त्या वाचतात, तिथे हुंकार माझा. अभिमान म्हणशील तर मला माझ्या वाचनापेक्षा आता त्या 'हूं'चा जास्त आहे.

आवाज थोडा खरखरीत झालाय, फोनवर नीट कळायचा नाही. तेव्हा ये लवकर, समोर बसून ऐक. आणि हुंकार द्यायला विसरू नकोस.