काट्याच्या कडेवर पाय

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट कळत नाहीये.

भगवान आणि मी एकाच कंपनीत, डिस्पॅचला. तो लातूरकडचा, कुरुळीत माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. कंपनीच्या तपासणीत डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं, वजन कमी करा, रोज चाला. मग बस सोडून आम्ही निघोज्याला कंपनीपर्यंत चालत जायला लागलो. दर शनिवारी शिफ्ट सुटली की माल मोजायच्या काट्यावर आळीपाळीने उभं राहायचं.

त्याचं उतरायला लागलं. माझा आकडा जागचा हलेना. रस्ता तोच, वेळ तीच — मग असं का? मी भात सोडलेला, तो दोन्ही वेळा चापून खायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका शनिवारी तो काट्यावर असताना मी मागून बुटाचं टोक हळूच कडेवर दाबलं. गंमत म्हणून. गंमतच होती का? आकडा गेल्या आठवड्याइतकाच आला, चौऱ्याऐंशी. त्याचं तोंड उतरलं आणि मला बरं वाटलं.

मग दर शनिवारी तेच. त्याने जेवण कमी केलं, संध्याकाळीही चालू लागला. वाटेत सारखं पाणी प्यायचा. टाचेला फोड आला तरी थांबेना. त्याची बायको म्हणायची, गळ्याची हाडं दिसायला लागलीत. तो हसण्यावारी न्यायचा, काटा बघ म्हणायचा. आणि मला — मला पाय दर वेळी आधीपेक्षा जास्त दाबावा लागत होता. म्हणजे मला कळत होतं. होतं ना? की मी कळूच दिलं नाही? अजून सांगता येत नाही.

एक दिवस तो रस्त्यातच खाली बसला. दवाखान्यात साखर भलतीच वाढलेली निघाली, टाच चिघळलेली. तिथल्या काट्यावर एकाहत्तर भरला. कधीपासून उतरतंय, डॉक्टरांनी विचारलं.

"तुमचा काटा बिघडलाय सायेब," भगवान म्हणाला. "शनिवारी चौऱ्याऐंशी भरलो की. विचारा ह्याला."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

त्याचं पाऊल घोट्यापासून काढावं लागलं. आता तो गावी असतो. मी अजून चालतो, एकटाच. फोनवर तो दर वेळी विचारतो, उतरलं का काही?

परवा सांगितलं, सहा किलो. त्याला मनापासून आनंद झाला.